चोळीबांगडीचं रान

रेल्वेचं वेड मला कधीच नव्हतं. मला वेड होतं मापाचं. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं ट्रेसर म्हणून काढली. म्हणजे इंजिनिअरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तो शाईनं जसाच्या तसा उतरवायचा. रेघ केसाएवढी हलली तरी साहेब कागद परत टाकायचे. माझा कागद फारसा कधी परत आला नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोण सांगणार. रिटायर झाल्यावर हात मोकळे पडले आणि मोकळ्या हातांनी मी घरात सगळ्यांना नकोशी झाले. आमचे हे सैन्यातून आलेले, बोलणं निम्मं हिंदी. ते म्हणाले, "दिनभर माझ्या भाजीतलं तेल मोजत बसतेस. दुसरं काही तरी मोज."

सांगलीत छोट्या रेल्वेगाड्या करणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. साठीतले बाप्ये, मांडीवर इंजिन घेऊन तासन् तास बसतात. दरवर्षी एका मंगल कार्यालयात दोन दिवसांचं प्रदर्शन भरवतात. त्यांच्यातल्या एकांना माझं काम माहीत होतं. ते घरी आले आणि म्हणाले, यंदा प्रत्येकानं आपल्या ओळखीचं एक स्टेशन मांडायचं ठरलंय, तुम्हीही मांडा. मी आधी नाही म्हटलं. मग विचारलं, प्रमाण काय घेता? म्हणाले, एकास सत्याऐंशी. म्हणजे खऱ्यातला एक मीटर बोर्डावर साडेअकरा मिलिमीटर. तो आकडा ऐकला आणि माझी पेन्सिल हातात आलीच.

स्टेशन कुठलं, हा प्रश्नच नव्हता. माझं माहेर सातारा जिल्ह्यात, रेल्वेलगत. एक कौलारू खोली, एक बाकडं, पाण्याची टाकी, लोकांनी वर्गणीतून लावलेले दोन लिंब. गाडी थांबायची ती दिवसातून दोनदा. स्टेशनच्या खाली ओढ्यावर एक दगडी मोरी, आणि त्या मोरीपासून लाईनच्या कडेकडेनं गेलेला सोळा गुंठ्यांचा एक पट्टा. तो माझा.

माझा म्हणजे कागदावर नव्हे. आमच्याकडं लेकीला चोळीबांगडीसाठी रान देतात. नाव घरचंच राहतं, कसायचं भावानं, पण त्यात जे पिकेल ते दरसाल लेकीच्या घरी जायचं, तिच्या चोळीला आणि बांगडीला. माझ्या लग्नात वडलांनी चार पाहुण्यांसमोर सांगितलं की मोरीपासून चिंचेपर्यंतचा तुकडा हिचा. संपलं. त्यावर कुणी सही केली नाही की अंगठा दिला नाही. वडील बोलले म्हणजे झालं, असं ते घर होतं.

आणि झालंही तसंच. वडील गेले तरी दर दिवाळीच्या आधी माझ्याकडं शेंगांचं पोतं यायचं. धाकटा भाऊ कधी एसटीत घालून द्यायचा, कधी मोटरसायकलवर स्वतः घेऊन यायचा. पोतं उंबऱ्यात टेकवून म्हणायचा, "आक्का, घे तुझ्या रानातलं." मी ऑफिसात सगळ्यांना ओंजळ ओंजळ वाटायचे. शेजारी वाटायचे. जावांना मुद्दाम जास्त द्यायचे. माझ्या रानातल्या शेंगा, माझ्या रानातल्या शेंगा, असं मी तीस वर्षं म्हणत आले. लोकांना वीट आला असेल. पण सासरी माझा ताठा होता तो त्या पोत्यामुळं, हे मला आता कबूल करायला हरकत नाही.

तर बोर्ड तयार झाला. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, खाली घडीचे पाय. हॉलमधला सोफा गेला गॅलरीत आणि आमचे हे गेले सोफ्याबरोबर. कौलं मी जाड कागदाची कापली, एकेक करून चिकटवली. लिंबाला तांब्याच्या तारा पिळून फांद्या केल्या, वर भांडी घासायच्या स्पंजचे तुकडे. रुळाखालची खडी म्हणजे चाळून घेतलेली बारीक कच. माझा तुकडा पावलांच्या अंदाजानं बोर्डावर साडेतीन फूट लांब आणि वीतभर रुंद येत होता. त्याची माती कशाची करावी, यावर मी चार दिवस घालवले. चहाची पावडर काळी दिसते, लाकडाचा भुसा पिवळा पडतो. शेवटी घरातच उत्तर सापडलं. शेंगांची टरफलं मिक्सरला फिरवली आणि डिंकात कालवून पसरली. रंग अगदी बरोबर आला, आमच्याकडल्या मुरमाड रानाचा. माझ्या रानाची माती माझ्याच शेंगांची, म्हणून मी स्वतःवर इतकी खूश झाले की मंडळातल्या त्या गृहस्थांना फोन करून सांगितलं. मिक्सर नीट धुतला नव्हता, त्यामुळं दोन दिवस चटणीला टरफलाची चव होती. ती आमच्या ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

फक्त एक अडत होतं. मोरी ते चिंच हे अंतर मला पावलांनी माहीत होतं, मीटरमध्ये नव्हतं. आणि अंदाजानं रेघ ओढायची सवय मला नाही. म्हटलं, जाऊन मोजून यावं. माहेरी मी वर्षातून दोनतीनदा जायचे, पण आता स्वतःच्या गाडीनं, थेट घरापर्यंत. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. रानाकडं जाते म्हटलं की भाऊ काहीतरी सांगायचा. "फाटक बंद केलंय आक्का, आता खालनं बोगदा हाय, त्येच्यात गुडघाभर पाणी." नाहीतर, "ऊन लय हाय, कशाला जातीस." माझे गुडघे दुखतात ते त्याला माहीत, म्हणून तो काळजीनं म्हणतोय असंच मला वाटायचं.

ह्या वेळी मी त्याला कळवलंच नाही. प्रदर्शनात त्याला बोलवायचं आणि आपलं गाव दाखवून चकित करायचं, असा माझा बेत होता. सकाळच्या पॅसेंजरनं गेले. पिशवीत तीस मीटरची फीत, वही, पाण्याची बाटली. बरोबर कुणी नव्हतं. स्टेशनात उतरले तर कौलारू खोलीच्या जागी सिमेंटची नवी इमारत, उंच फलाट, डोक्यावर विजेच्या तारा, आणि एका लाईनीच्या दोन झालेल्या. ते होणार हे मला ठाऊक होतं. पेपरात येतच होतं. मी आपली जुन्या स्टेशनाची आठवण मनात धरून मोरीकडं चालत गेले.

मोरी सापडली. पूर्वी होती तिच्या दुप्पट रुंद केलेली, जुन्या दगडाला नवं काँक्रीट जोडून. तिच्या पलीकडं माझं रान असायला हवं होतं. तिथं दुसऱ्या लाईनीचा भराव होता. मुरुमाचा, दाबून केलेला, दोन पुरुष उंच. चिंच नव्हती. चिंचेचं खोडही नव्हतं.

आधी मला वाटलं, आपण चुकलो. बायामाणसांना दिशा कळत नाहीत असं हे म्हणतातच. मी मोरीच्या जुन्या दगडापासून फीत लावली, दगडाखाली टोक अडकवून. एकदा मोजलं, परत मोजलं, तिसऱ्यांदा उलट्या बाजूनं मोजलं. पावलांनी चिंचेची जागा धरली, तिथवर नव्वद मीटर, सगळं भरावाखाली. खाली भरावाच्या पायथ्याशी तीन मीटरांची एक पट्टी उरली होती, तिच्यात बाभळी उगवल्या होत्या. एक बाई शेळ्या चारत होती. तिला विचारलं, "हे कधी झालं?" ती म्हणाली, "सा वरसं झाली की. तुमी कुणाकडच्या?" मी फीत गुंडाळायला घेतली.

आता सातबारा मोबाईलवर निघतो. तिथंच बाभळीखाली बसून काढला. सहा वर्षांपूर्वीच तो तुकडा रेल्वेच्या नावावर गेला होता. म्हणजे मोबदला भावानं घेतला होता. त्याच्याही मागं गेले तर एक जुनी फेरफार नोंद. वडलांच्या मागं मी हक्कसोड केल्याची.

त्या कागदावर मी सही केली होती, हे खोटं नाही. वडलांचं वर्ष झालं तेव्हा भाऊ मला तालुक्याला घेऊन गेला होता. वारस नोंद करायची, आईचं नाव लावायचं, असं म्हणाला. कचेरीत माझा फोटो काढला, अंगठा घेतला. कारकुनानं विचारलं, राजीखुशीनं ना? मी म्हटलं, हो. बत्तीस वर्षं कागदावरची रेघन् रेघ वाचणारी बाई मी, आणि तो कागद वाचला नाही. वाचावा असं मनात आलं होतं, हेही सांगते. पण भाऊ शेजारी उभा होता. त्याच्यासमोर चष्मा लावून वाचत बसायचं म्हणजे तुझ्यावर भरवसा नाही असं सांगणंच झालं. आमच्यात बहीण असा कागद वाचत नाही. मला त्याचीच लाज वाटली, म्हणून मी सही केली आणि नंतर त्याच्याबरोबर भेळ खाल्ली.

बरं, त्यानं मागितलं असतं तर मी दिलं असतं. शपथेवर सांगते. आक्का, लाईनीत रान जातंय, पोरांच्या शिक्षणाला पैसे लागतील, असं एकदा म्हणाला असता तर मी हसत दिलं असतं आणि वर त्याला जेवायला घातलं असतं. मग तिडीक कशाची? तिडीक शेंगांची. सहा वर्षं तो भरावाखाली गेलेल्या रानातल्या शेंगा मला आणून देत होता. बाजारातून घ्यायचा, पोतं शिवायचा, उंबऱ्यात टेकवायचा आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणायचा, घे तुझ्या रानातलं. आणि मी ते वाटत सुटले होते. सगळ्या सांगलीत मी हसं करून घेतलं, आणि ते हसं झालंय हे ठाऊक असणारा माणूस एकच, तो. ज्याला मी कडेवर घेऊन शाळेत गेले, तो.

दुपारच्या गाडीनं परत आले. माहेरच्या गावी जाऊन घोटभर पाणीही न पिता फिरले, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

घरी आल्यावर आमच्या ह्यांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "छोड दो. जमीन गेली, भाऊ घालवू नकोस." मी म्हटलं, मला जमीन नको, त्यानं तोंडानं सांगायला हवं. एवढंच. मी विचारणार नाही, भांडणार नाही, वकील बघणार नाही. मी त्याच्यापुढं जसं आहे तसं ठेवीन. मग तो बोलेल. माझा भाऊ आहे, बोलेलच.

प्रदर्शनाला पंधरा दिवस राहिले होते. मी टरफलांची माती सुरीनं खरवडून काढली. डिंक कडक झाला होता आणि बोट कापलं. जुन्या लाईनीशेजारी दुसरी लाईन टाकली. भराव केला, मोजून, पायथ्याची रुंदी जेवढी आहे तेवढीच. मोरी दुप्पट केली. खोली पाडून सिमेंटचं स्टेशन उभं केलं. मंडळातले गृहस्थ बघायला आले आणि हळहळले, म्हणाले, जुनं किती गोड होतं हो. मी म्हटलं, जे आहे ते मांडायचं. मग माझ्या तुकड्याची हद्द, वडलांनी सांगितली ती, भरावावरूनच तांबड्या शाईनं आखली आणि आत तिरप्या रेघा मारल्या. आमच्या ऑफिसात संपादनात जाणारी जमीन अशीच दाखवायची. लोकांची किती रानं मी अशी तांबडी केली असतील, त्यांची नावंसुद्धा मी वाचली नव्हती. कडेला एक चिठ्ठी लावली: चोळीबांगडीचं रान. भावाला फोन केला, प्रदर्शन आहे, आपलं गाव केलंय, ये. तो म्हणाला, "येतो की. समद्यांना घिऊन येतो."

रविवारी आला. बरोबर भावजय. कार्यालयात गर्दी होती. लोक माझ्या बोर्डाभोवती थांबत होते, कारण गाडी मोरीवरून जाताना मी शिट्टी वाजवायचे. भावाला आनंद झाला, खोटा नव्हे, खरा. "आयला, पाण्याची टाकी बघ. आगं, त्यो गळका नळबी केलाय हिनं." शेजारच्या अनोळखी माणसांना तो सांगायला लागला, हे आमचं गाव, ही माझी बहीण, लय हुशार. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्याची नजर स्टेशनवरून सरकत सरकत मोरीपाशी आली, तांबड्या रेघांवर थांबली, मग चिठ्ठीवर.

मी गाडी थांबवली. म्हटलं, आता बोलेल.

एका बाईंनी मला विचारलं, "हे तांबडं काय दाखवलंय?" मी भावाकडं बघितलं. त्या बाईही त्याच्याकडं बघायला लागल्या. त्यानं रुमालानं मान पुसली आणि हसला. म्हणाला, "आक्के, माप चुकलं बघ तुझं. तुझा तुकडा ह्यो न्हवं. त्यो मोरीच्या अल्याड. त्यो हाय तसाच हाय."

लोकांत म्हणाला. मला. माप चुकलं.

माझ्या खिशात स्टीलची पट्टी होती. ती काढून त्याच्यापुढं धरली आणि म्हटलं, "मोज." आवाज चढवला नाही. त्यानं पट्टी घेतली नाही. "बघा, सरकारी माणूस," असं त्या बाईंना म्हणाला, परत हसला, आणि चहा घेऊन येतो म्हणून बाहेर गेला. माझा हात पट्टीसकट तसाच पुढं राहिला होता. तो खाली घ्यायचं मला सुचलं नाही. कुणाच्या तरी लहान मुलीनं विचारलं, "गाडी का थांबली?" मग मी गाडी सुरू केली.

भावजय मात्र गेली नाही. ती एरवी माझ्याशी फार बोलत नाही, वन्सं वन्सं करून लांबूनच. बोर्डाला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि खुर्चीवर टेकली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. हळूच म्हणाली, "वन्सं, त्येंच्यावर राग धरू नका. त्येंनी सांगायचं ठरीवलं हुतं. दोन येळा फोन हातात घेतलाता."

"मग?"

"आत्ती न्हाई म्हणल्या."

आत्ती म्हणजे तिची सासू. माझी आई. तीन वर्षांपूर्वी गेली.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं. आता विचारायला नको होतं, पण विचारलं.

भावजयीनं माझ्याकडं बघितलं नाही, गाडीकडं बघत सांगितलं. "म्हणल्या, सांगून काय करतूस, ती वाटा मागंल. तिला शेंगा धाडत ऱ्हा. शेंगा मिळाल्या की ती गप बसती. हक्कसोडीच्या येळंलाबी त्याच म्हणल्या हुत्या, वारस नोंद हाय म्हणून सांग, ती वाचायची न्हाई." मग म्हणाली, "बाजारात शेंगा निवडायला त्याच यायच्या. बारकी न्हाई चालायची त्येंना."

ती उठून बाहेर गेली. भाऊ चहा घेऊन आत आलाच नाही, ते तसेच गावाकडं गेले. संध्याकाळपर्यंत मी गाडी चालवली, लोकांना स्टेशन समजावून सांगितलं, शिट्टी वाजवली. भावावर मी रागावू शकत होते, त्याला पट्टी दाखवू शकत होते, पुढंमागं तो माझ्या दारात आला असता तर चार शब्द सुनावून आतही घेतलं असतं. आईला मी कुठली पट्टी दाखवू.

भराव होऊन वर्ष झालं असेल तेव्हाची गोष्ट. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला केलं आणि मी तिला महिनाभर माझ्याकडं ठेवून घेतलं. तिच्या डोळ्यात दिवसातून चारदा औषध मी घालायचे. एका दुपारी तिचं डोकं मांडीवर होतं, थेंब आत मुरेपर्यंत डोळा मिटून पडली होती. मी सहज विचारलं, आई, यंदा माझं रान कसं आहे? ती डोळे न उघडता म्हणाली, "लय झ्याक हाय बाय. म्या सोता खुरपलं." मी तिचे पाय दाबायला घेतले.